नाखवाच्या घरी डिझेल

बळवंत नाखवाचा माझ्यावर विश्वास नव्हता. याचं मला वाईट वाटत नाही असं मी सगळ्यांना हसत हसत सांगायचो, कारण त्याचा कुणावरच विश्वास नव्हता. पाववाल्यावर नव्हता, पोस्टमनवर नव्हता. भरती कधी येणार हे कॅलेंडरात छापलेलं असलं तरी तो स्वतः खाडीवर जाऊन पाणी बघून यायचा आणि मगच मान डोलवायचा.

मी त्याचा ड्रायव्हर. आधी गिरणीत कापसाच्या गाठींचा ट्रक चालवायचो. संप झाला, गिरणी बंद पडली, आणि माझ्यापुरती ती पुन्हा उघडलीच नाही. त्र्याऐंशी साली कुणीतरी सांगितलं की वर्सोव्यात एका कोळ्याला ड्रायव्हर पाहिजे, पण त्याच्याकडे कोणी टिकत नाही. मी गेलो. त्याने माझं लायसन्स उन्हात धरून बघितलं, उलटं करून बघितलं, वास घेऊन बघितलं. मग म्हणाला, "गिरणीतून काढला काय तुना?" मी म्हटलं, "अडीच लाख माणसांबरोबर." ते उत्तर त्याला पटलं असावं. नोकरी मिळाली, आणि त्याच्या घरामागची एक खोलीही भाड्याने मिळाली. नजरेसमोर राहिलेला बरा, असा त्यामागचा विचार होता हे मला दुसऱ्याच दिवशी कळलं.

ट्रक म्हणजे छप्पन्न सालचा फार्गो. लांब नाकाचा, गोल दिव्यांचा, पेट्रोलवर चालणारा. रोज सकाळी त्यात वर्सोव्याच्या कोळणी आपापल्या टोपल्या, बर्फ आणि भांडणं घेऊन चढायच्या आणि गोरेगाव, मालाड, बोरिवलीच्या बाजारांत उतरायच्या. नाखवा माझ्या शेजारी केबिनमध्ये. त्याच्याशिवाय ट्रक एक फर्लांगही हलला नाही. पंक्चर काढायला नेला तरी तो शेजारी, हवा भरायला नेला तरी शेजारी. एकदा तापाने फणफणलेला होता तरी गोधडी पांघरून येऊन बसला.

त्याच्याकडे एक काठी होती. वेताची, खुणा कोरलेली. निघण्याआधी तो ती पेट्रोलच्या टाकीत बुडवायचा, ओली खूण अंगठ्याने धरायचा, आणि परत आल्यावर पुन्हा बुडवायचा. मधला सगळा वेळ माझ्या मांडीला मांडी लावून बसलेला असूनही. काब्रेटरला त्याने तारेचं आणि शिशाचं सील ठोकून घेतलं होतं, टॅक्सीच्या मीटरला असतं तसं. स्टेपनीवर, बॅटरीवर, जॅकच्या दांड्यावरसुद्धा खिळ्याने मासा कोरलेला. कोणी बदलला तर कळावं म्हणून. माझी बायको शकु म्हणायची, "तुमच्या पाठीर पण कोरल्यान असतलो मासो, बघा एकदा आरशात."

आता या माणसाला गल्लीने एवढा मान का दिला होता ते सांगतो, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

आमच्या गल्लीतल्या होडीवाल्यांची मिळून एक डिझेलची खोली होती. होड्यांना इंजिनं लागली तेव्हापासूनची. सवलतीतलं डिझेल ड्रमांतून तिथे यायचं आणि ज्याला त्याला त्याच्या वाट्याप्रमाणे मिळायचं. पूर्वी ज्याच्याकडे खोलीची चावी होती त्याने रात्रीतून ड्रम बाहेर विकले. मोठा तमाशा झाला, दोन भाऊ कायमचे तुटले. तेव्हा गल्लीने बसून एक नियम केला: ज्याच्या घरी डिझेल पिणारं काही नाही, त्याच्याच हातात चावी. बळवंतने तेव्हा पाठीच्या दुखण्यामुळे होडी विकून हा ट्रक घेतला होता. नावापुढचं नाखवा, म्हणजे होडीचा धनी, तेवढं राहिलं होतं. ट्रक पेट्रोलचा. चावी त्याच्याकडे आली.

दर नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहून झाला की सगळी गल्ली त्या खोलीच्या दारात जमायची. ताटात तांदूळ, तांदळावर चावी. गल्लीचे म्हातारे रामचंद्र पाटील विचारायचे, "कोणाला काय बोलायचं हाय?" कोणी बोलायचं नाही. तेवढी शांतता झाली की बळवंत चावी उचलून करगोट्याला बांधायचा. मी दोनदा ते बघितलं. वर्षभर जगावर डोळे वटारणारा हा माणूस त्या क्षणी लग्नातल्या नवरदेवासारखा दिसायचा. त्याच्याजवळ दुसरं काही नव्हतं असं नाही, घर होतं, ट्रक होता, पार्वतीसारखी बायको होती. पण ती एक शांतता त्याला वर्षभर पुरायची.

आणि तो ती कमवायचा. डिझेलच्या खोलीत शिरताना तो अंगातला शर्ट काढून बाहेर ठेवायचा आणि आत खुंटीवरचा दुसरा घालायचा. काम झालं की साबणाने कोपरापर्यंत हात धुऊन पुन्हा आपला शर्ट. डिझेलचा वास खोलीबाहेर आणायचाच नाही. पेट्रोलचा वास उडून जातो, डिझेलचा बसतो, हे कोळणींच्या नाकाला कोणी शिकवावं लागत नाही.

पंच्याऐंशीच्या मे महिन्यात फार्गो जोगेश्वरीला बसला. पहिल्यांदा नव्हे, त्या महिन्यात कितव्यांदा ते मी मोजणं सोडलं होतं. आधी खोकायचा, मग धक्के द्यायचा, मग सिग्नलच्या अलीकडे गप्प. मी बॉनेट उघडलं. नाखवा माझ्यामागे उभा राहून सील शाबूत आहे का ते बघत होता. मागे ऊन चढत होतं, बर्फ वितळून पाणी फळीतून रस्त्यावर ठिबकत होतं. त्या दिवशी बोंबील भरलेले होते. बोंबलाला थांबायला सांगता येत नाही.

मथुरा खाली उतरली. ही आमच्या ट्रकमधल्या बायकांची पुढारीण. आमच्याच गल्लीतली विधवा, साठीच्या घरातली, आवाज असा की मालाडच्या बाजारात ती बोलली की कांदिवलीच्या मांजरी जाग्या व्हाव्यात. नाखवाचा सगळ्यात जास्त संशय तिच्यावर. ती रोज एक टोपली जास्तीची चढवते असं त्याचं ठाम मत होतं, आणि रोज मोजूनही ती टोपली त्याला सापडली नव्हती.

"नाखवा, आमचा माल गेला," ती म्हणाली. ओरडली नाही, म्हणूनच मला भीती वाटली. "आता पावसात होड्या बंद. नारळी पुनवेनंतर होड्या जातील तवा तुजा ट्रक नीट चालला तर येऊ. नायतर मालाडचा टेंपोवाला तयार हाय. डिझेलचा हाय त्याचा. बंद नाय पडत."

सगळ्या बायका टोपल्या उचलून बस स्टॉपकडे चालू लागल्या. कंडक्टर त्यांना घेणार नव्हता हे त्यांनाही माहीत होतं. तरी गेल्या.

चंद्रप्रकाश मिस्त्रीचं गॅरेज अंबोलीला. मूळचा उत्तरेकडचा, पण वीस वर्षं इथे राहून त्याची मराठी आमच्या ट्रकइतपत चालायची. त्याने सील तोडलं, काब्रेटर काढला, थ्रॉटलची दांडी बोटाने हलवून दाखवली. ती हलत्या दाढेसारखी डुगडुगत होती.

"नाखवा, मी खोटं नाय बोलणार. हा खलास झाला. इथून हवा खेचतो, मग पेट्रोल किती पण दे, इंजिनला भेटत नाय. हा नवीन कुठे मिळत नाय. दुसऱ्या गाडीचा बसवू शकतो, पण लोडमध्ये काय करेल, भगवान जाने. माझं ऐक. कुर्ल्याला डिझेल इंजिन बघून ठेवलंय, एकदम झकास. पंप, नोझल सगळं आहे. टाकून देतो, दहा वर्ष बघायला नको."

"पंप उघडून दाखव," नाखवा म्हणाला.

"पंप असा उघडत नाय, काका. त्याची मशीन असते. मी पण नाय उघडत, पंपवाल्याकडे द्यावा लागतो."

नाखवाने माझ्याकडे बघितलं. काब्रेटर त्याला आवडायचा कारण तो उघडला की दिसायचा. वाटी, तिच्यात तरंगणारा फ्लोट, पितळेचे जेट, सगळं तळहातावर मावणारं. जो खुद्द मिस्त्रीलाही उघडता येत नाही अशा, इंजिनाला डिझेल वाटणाऱ्या लोखंडाच्या ठोकळ्यावर ट्रक सोपवायचा हे त्याच्या डोक्यात शिरत नव्हतं.

मी मध्ये बोललो. बोलायला नको होतं, पण मलाही माझी नोकरी दिसत होती. "नाखवा, डिझेलच टाकू या. गिरणीत मी तेच चालवायचो. लोड ओढतं, बंद पडत नाही."

गॅरेजमधून बाहेर पडल्यावर तो म्हणाला, "हा मिस्त्री तुला किती देणार?"

माझं डोकं सटकलं. दोन वर्षं काठी बुडवलेली बघितली, खिशातून हात काढताना माझ्या मुठीकडे बघणारे डोळे सहन केले, सगळं हसण्यावारी नेलं. त्या दिवशी नाही नेता आलं. मी भर अंबोली नाक्यावर त्याला म्हटलं, "नाखवा, तुमचा ट्रक तुमच्या छातीवर घेऊन बसा. मी उद्यापासून येत नाही."

घरी येऊन शकुला सांगितलं, "माका नको ती नोकरी." ती भाकरी थापत होती. वर न बघता म्हणाली, "मग काय खातलंव? गिरणीचो भोंगो वाजतलो काय परत?"

संध्याकाळी पार्वती आली. नाखवाची बायको. तोंडावर कधी राग नाही, आवाज कधी चढलेला नाही, आणि अशा माणसाबरोबर सगळा संसार केलेला. माझ्या दारात बसली आणि म्हणाली, "दशरथ, तो तुला तसं बोलला ते चूक. पन तू डिझेल बोललास तवा त्याचं काळीज हाललं, ते तुना नाय कळलं. डिझेल घरात आलं तर चावी जाईल ना."

"नियम काय दगडावर कोरलाय? एवढ्या वर्षांत त्याने थेंब इकडचा तिकडे केला नाही. गल्ली समजून घेईल."

"गल्ली घेईल." तिने मागच्या जागेकडे बोट केलं. "माज्या घरामागं वाळवायला जागा हाय का नाय?"

होती की. माझी खोलीच त्या जागेला लागून होती.

"मंग मी त्याचे कपडे रस्त्याच्या दोरीवर कनाला घालते? येताजाता बायकांच्या नाकासमोर? वास घ्या, बघा, ह्यात डिझेल नाय. इतकी वर्सं घालते. तो मना कवा बोलला नाय घाल म्हनून. पन एकदा पावसात मी मागं घातले, तर त्याने सोता उचलून फुडं आनून टाकले."

दुसऱ्या दिवशी मी कामावर गेलो. नाखवा टाकीपाशीच उभा होता. त्याने काठी बुडवली. मी दुसरीकडे बघितलं.

चंद्रप्रकाशने दुसऱ्या गाडीचा काब्रेटर बसवला. पट्टी ठोकून, गॅस्केट कापून, शिव्या देत. रिकामा ट्रक छान पळाला. नाखवा खूष. पण रिकामा ट्रक काय, बैलगाडीपण पळते. मी म्हटलं लोडमध्ये बघू. मागे ओली रेती भरली, भरल्या टोपल्यांच्या वजनाइतकी, आणि आरे कॉलनीत घेऊन गेलो, कारण चढ तिथे आहेत आणि बघायला कोळणी नाहीत.

पहिला चढ नीट गेला. दुसऱ्या चढावर तबेल्यांच्या पुढे झाडी सुरू होते तिथे त्याने आचका दिला. मी दुसरा गिअर टाकला, पहिला टाकला, चोक ओढला. सायलेन्सरमधून फाट् करून आवाज आला आणि ट्रक उभा राहिला. मागे बस येऊन थांबली. तिच्यामागे दुधाची गाडी. रस्ता अरुंद, पावसाची भुरभुर, आणि बसच्या खिडक्यांतून सगळे आमच्याकडे बघतायत.

नाखवा खाली उतरला. बॉनेट उघडून काब्रेटरच्या वाटीत बोट घातलं, वास घेतला. "पाणी मिसळलंय कोनी तरी."

"नाखवा, पेट्रोल तुम्ही स्वतः भरलंय. टाकीला कुलूप तुम्ही लावलंय. त्याची चावी तुमच्या कमरेला आहे. मग पाणी कोणी मिसळलं?"

तो माझ्याकडे बघत राहिला. संशय घ्यायला माणूस शोधत होता आणि सापडत नव्हता. मग फुटबोर्डवर बसला. बसचा ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. मी जाऊन त्याला हात जोडले, चाकामागे दगड लावला. परत आलो तोपर्यंत त्याने डोक्यावरचा रुमाल काढून हातात धरला होता.

"दशरथ," तो म्हणाला, "मंग हा काब्रेटर नाय चालनार."

"नाही चालणार."

"डिझेल टाकलं तर लोक काय बोलतील ठावं हाय?"

"कोणी काही बोलणार नाही. तुमच्याबद्दल कोण बोलेल?"

"तोंडावर नाय बोलनार. पन ट्रक चालू झाला का कान देतील. हा रोज बोरिवली जातो, डिझेल पंपावरून किती घेतो, खोलीतून किती घेतो." त्याने रुमाल पिळला. त्यातून पाणी निघालं नाही, तरी पिळत राहिला. "दुसरा कोनी असता तर मी हेच बोललो असतो. पयला मीच बोललो असतो."

मला त्याची दया आली. खरंच आली. आयुष्यभर दुसऱ्यांकडे ज्या डोळ्यांनी बघितलं तेच डोळे आता गल्लीतल्या प्रत्येक दारात त्याला आपल्याकडे बघताना दिसत होते. यातून सुटका कशी होणार?

चावी राखायची तर ट्रक जात होता. ट्रक राखायचा तर चावी. ट्रक गेला तर बायकांचा बाजार, माझी नोकरी, पार्वतीची चूल. हे त्याला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

शेवटी त्याने चंद्रप्रकाशला सांगितलं, "पंप बघायचा. समोर."

पंप दुरुस्त करणारा अंधेरीला कुर्ला रोडवर होता. छोटी खोली, दाराला काच, आत कोणी यायचं नाही असा फलक. नाखवा फलक वाचून आत गेला. आतला माणूस ओरडला, धूळ येते, बाहेर थांबा. नाखवाने चपला बाहेर काढल्या, पाय रुमालाने पुसले आणि पुन्हा आत गेला. त्या माणसाने हात टेकले.

त्याने पंप मशीनवर चढवला. समोर काचेच्या नळ्या एका रांगेत लावलेल्या होत्या, प्रत्येक सिलिंडरची एक. मशीन सुरू झालं आणि प्रत्येक नळीत तेल पडू लागलं. सुरुवातीला एका नळीत कमी, एका नळीत जास्त. माणसाने पान्याने काहीतरी जरासं फिरवलं, पुन्हा चालवलं. पुन्हा फिरवलं. तिसऱ्या-चौथ्या खेपेला सगळ्या नळ्यांत तेल एका रेषेत आलं.

नाखवा वाकून बघत होता. मग त्याने पिशवीतून काठी काढली आणि एका नळीला बाहेरून लावली. मग दुसऱ्या नळीला. सगळ्या नळ्या मोजल्या.

"सगळ्यांना सारखं," तो म्हणाला.

"मग काय," पंपवाला म्हणाला. "एकाला कमी दिलं तर इंजिन थरथरतं. लपत नाही."

"परत चालव."

परत चालवलं. पुन्हा सारखं. नाखवाने मान डोलवली, भरतीचं पाणी बघून आल्यावर डोलवायचा तशी. होड्यांना वाटे काढताना तोही असाच वाकून ड्रमाच्या कडेला डोळा लावायचा. त्या ठोकळ्याला आता त्याने माणसांत घेतलं होतं.

इंजिन बसलं. नारळी पौर्णिमेच्या आदल्या आठवड्यात फार्गो पहिल्यांदा गल्लीत शिरला तो धडधडत, खिडक्यांच्या काचा वाजवत. जुना आवाज ऐकायची सवय असलेली माणसं दारात आली. कोणी काही बोललं नाही. रामचंद्र पाटलांनी तर इंजिनाला हात लावून "बेस" म्हटलं. पण मी नाखवाकडे बघत होतो, आणि नाखवा दारं बघत होता. कोण आत गेलं, कोणी कोणाच्या कानाला लागलं, मथुरा का हसली. पार्वतीने त्या दिवशी कपडे घरामागे वाळत घातले. त्याने ते पुढे आणले नाहीत.

मधल्या दिवसांत दोघं-तिघं होडीवाले मला गाठून म्हणाले, नाखवाला सांग, काळजी करू नकोस, चावी तुझ्याकडेच राहील. मी सांगितलं. त्याने विचारलं, "असं सांगायला त्यांना कोनी पाठवला?" मी कपाळाला हात लावला.

पौर्णिमेला वारा पडलेला होता. समुद्राला नारळ वाहिला, बायकांची गाणी झाली, आणि गल्ली नेहमीप्रमाणे खोलीच्या दारात जमली. ताट, तांदूळ, चावी. नाखवा नव्या शर्टात, लाल टोपी घालून ताटापुढे उभा. रामचंद्र पाटलांनी विचारलं, "कोणाला काय बोलायचं हाय?"

शांतता झाली. दरवर्षीपेक्षा जरा लांबच झाली. लोक मुद्दाम गप्प होते, त्याला मान द्यायला. पाटील हसले आणि ताट पुढे केलं.

"मना बोलायचं हाय," नाखवा म्हणाला.

पाटलांना वाटलं तो आभार मानणार. "बोल की."

"ज्याच्या हातात चावी हाय त्याच्या घरी डिझेल आयलंय. नियम मोडलाय."

"अरे नाखवा, तो नियम चोराचा बंदोबस्त करायला केला. तुज्यावर कोन संशय घेनार?"

"मी," बळवंत नाखवा म्हणाला. "मी घेतला असता. तुमी घेत नाय हा तुमचा चांगुलपना हाय, पन चावी चांगुलपनावर नाय द्यायची."

पार्वती पदर तोंडाला लावून उभी होती. पाटलांनी विचारलं, मग द्यायची कोणाला? आता प्रत्येक घरी इंजिनाची होडी आहे. नाखवाने खाली बघितलं. मला दिसत होतं की पुढचं वाक्य त्याला पहिल्यापेक्षा जड जातंय.

"जिच्या घरी डिझेल पिनारं काय नाय अशी एकच हाय. मथुरा."

बायकांत कुजबुज झाली. चावी बाईकडे आजवर गेली नव्हती. मथुरा पुढे आली, कमरेवर हात ठेवून. "ह्यात तुजा काय डाव हाय, नाखवा?"

"काय नाय."

"कनाला मग मना देतोस? मी टोपली चोरते बोलतोस तू."

"बोलतो," तो म्हणाला. "पन पकडली नाय कवा."

त्यावर सगळी गल्ली हसली, मथुरासुद्धा. तिने ताटातली चावी उचलली, वास घेतला, उन्हाकडे धरून बघितली आणि कमरेला खोचली. नाखवाने आपल्या पिशवीतून काठी काढली. खोलीबरोबर ही पण, असं म्हणून तिच्या हातात दिली. मग गर्दीतून वाट काढत घरी गेला. त्या दिवशी तो जेवला नाही असं पार्वती म्हणाली.

होड्या गेल्या, आल्या, आणि पहिल्या बाजाराची सकाळ उगवली. माल चढला, बर्फ चढला. मी इंजिन सुरू केलं आणि बायकांनी जागा धरायला भांडणं सुरू केली, म्हणजे सगळं ठीक होतं. नाखवा केबिनमध्ये चढणार एवढ्यात मथुरा काठी घेऊन आली.

"झाकन काढ," ती मला म्हणाली.

मी नाखवाकडे बघितलं. टाकी कालच अंधेरीच्या पंपावर भरली होती, किती ते मथुराला माहीत होतं. मी भरली होती आणि तो शेजारी उभा होता. त्याने स्वतः पुढे होऊन झाकण काढलं आणि बाजूला झाला. मथुराने काठी बुडवली. सावकाश बाहेर काढली, ओली खूण अंगठ्याने धरली, वास घेतला. ट्रकवरच्या सगळ्या बायका वरून वाकून बघत होत्या. नाखवाचं काही चुकलेलं नव्हतं. तरी त्याची मान खाली गेली आणि कानापर्यंत तो लाल झाला.

"बरोबर हाय," मथुरा म्हणाली. काठी लुगड्याला पुसली आणि मागे जाऊन चढली.

जोगेश्वरीला पोचलो. जिथे मे महिन्यात बंद पडलो होतो तिथे सिग्नल लागला. इंजिन शांतपणे धडधडत होतं.

"दशरथ, ती काठी आत होती तेवढा वेळ," तो म्हणाला, "मी काय केलेलं नाय, तरी मना वाटत होतं का काय तरी निघेल."

मी गिअरवर हात ठेवून होतो.

"तुना रोज असं व्हायचं काय रे?"

माझ्याजवळ हसून द्यायचं उत्तर तयार होतं. दोन वर्षं मी तेच सगळ्यांना देत आलो होतो. ते तोंडातून बाहेर पडलं नाही.

"व्हायचं, नाखवा."

"रोज?"

"रोज."

सिग्नल सुटला. गोरेगावला काही बायका उतरल्या. मालाडला मथुरा आणि तिच्याबरोबरच्या उतरल्या, टोपल्या खाली घेतल्या. नाखवाने त्या मोजल्या नाहीत. मग त्याने आपल्या बाजूचं दार उघडलं आणि खाली उतरला.

"बोरिवलीला तू जा," तो म्हणाला. "मी बस पकडून घरी जातो."

मला वाटलं, काहीतरी विसरला असेल. मी विचारलं, "ट्रक?"

"ट्रक तू घेऊन ये."

मी ट्रक काढला. शेजारची सीट रिकामी होती, आणि तिथे त्याच्या बसण्याचा खड्डा तसाच होता. थोडं पुढे जाऊन आरशात बघितलं. मला वाटलं होतं तो रस्त्याच्या कडेला उभा राहून नंबरप्लेट दिसेनाशी होईपर्यंत बघत असेल. तो उभा होता खरा. पण ट्रककडे पाठ करून, दोन्ही हात मागे बांधून, समोरच्या दुकानाच्या बंद शटरकडे तोंड करून उभा होता, आणि मी वळेपर्यंत त्याने मान वळवली नाही.